माडीवरची रेंज

“आला! आला! पंखा उघडला!”

मोबाइलच्या दुकानावरच्या माडीत साठ-सत्तर माणसं दाटीवाटीनं बसली होती, ती सगळी एकदम गुडघ्यांवर उठली. पुढच्या रांगेतल्या निवृत्त पोस्टमनच्या हातातला फोन आठ दिवस दगडासारखा गप्प होता. तो चक्क वाजत होता. पडद्याच्या कोपऱ्यात पंख्यासारखं चिन्ह, आणि मधोमध परदेशातल्या मुलाचा चेहरा.

“बाबा, होतात कुठे तुम्ही?” मुलगा ओरडला, आणि पोस्टमनदादा रडायलाच लागले.

समोर उंच आसनावर लहरी महाराज डोळे मिटून हसत होते. हवेतल्या लहरी आपल्याला वश आहेत, असं त्यांचं म्हणणं. नावही त्यांनीच घेतलेलं.

“फोन मरत नसतो,” महाराज म्हणाले. “माणसाचा विश्वास मरतो. सरकार म्हणतं, तुमचा फोन नकली. अरे, लेकराची हाक कधी नकली असते?”

“नाही!” माडी गरजली.

महिन्याच्या सुरुवातीला सरकारनं बनावट मोबाइलवर बंदी घातली, त्याची ही कथा. प्रत्येक फोनच्या पोटात पंधरा आकड्यांची एक ओळख असते. ज्यांची ओळख खोटी निघाली ते सगळे फोन एका सकाळी कंपन्यांनी नेटवर्कवरून तोडून टाकले. बंदी योग्यच होती. पण लोकांनी ते फोन चोरबाजारातून आणले नव्हते. याच दुकानातून, सीलबंद खोक्यात, बिल घेऊन आणले होते. किंमत जराशी कमी होती, एवढंच; आणि स्वस्ताईवर संशय घेणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. दोष विकणाऱ्याचा, आणि बोलती बंद झाली घेणाऱ्याची.

तरुण पोरांनी दोन दिवसांत काय ते ओळखलं आणि दुसरे फोन मिळवले. माडीवर आले ते असे, ज्यांना फोन दुसऱ्या कुणीतरी आणून दिला आणि कुठं दाबायचं तेवढं शिकवलं. जाणणारे वर आले नाहीत, आणि वर आलेले जाणत नव्हते.

माझ्या शेजारची शिवणकाम करणारी त्यातलीच. तिचा नवरा वेल्डर. एक डोळा कामावरच गेला, दुसऱ्याच्या बुबुळावर आता दाट पांढरा पडदा आला होता. हॉस्पिटलनं सांगून ठेवलं होतं, “यादीत पुढचा नंबर तुमचा. नेत्रदानातून बुबुळ मिळालं की फोन करू, दोन तासांत पेशंटला घेऊन या. फोन लागला नाही तर आम्हाला पुढच्याला बोलवावं लागतं.”

आणि नेमका तिचाच फोन बनावट निघाला.

तो फक्त माडीवर जिवंत व्हायचा. जिना उतरला की पुन्हा गप्प. महाराज म्हणत, “खाली बाजार आहे, बाजारात श्रद्धा ढळते.” म्हणून ती सकाळीच काजं-बटणांचं काम पिशवीत भरून माडीवर यायची आणि फोन मांडीवर ठेवून संध्याकाळपर्यंत बसायची. सोबत म्हणून मीही जायचो.

मला पहिल्याच दिवशी शंका आली होती. फोनच्या उजव्या कोपऱ्यात उघडणारं ते पंख्यासारखं चिन्ह मी ग्रंथालयात नोकरीला असताना रोज पाहत असे. डाव्या कोपऱ्यावर महाराजांचा शिष्य एक लाल पट्टी चिकटवायचा. “रक्षापट्टी. काढायची नाही.” फोन आधी पडद्यामागं ‘शुद्धीला’ न्यायचा, मग पट्टी लावून परत द्यायचा.

मी जिन्यात तिला म्हटलं, “हे वाय-फाय असावं बहुतेक. माझा फोन खरा आहे, तू हॉस्पिटलला माझा नंबर देऊन ठेव ना.”

“काका, पोस्टमनदादांच्या मुलाचा फोन तुमच्यासमोरच आला ना?”

“आला खरा.”

“मग?”

त्या ‘मग’चं उत्तर द्यायला चार वाक्यं लागली असती, आणि मागून माणसं जिना चढत होती. “असेल, माझंच चुकत असेल,” म्हणून मी बाजूला सरलो.

आसनाशेजारी एक पितळी हंडा होता. फोन जिवंत झाला की त्याच्या खरेदीचं बिल हंड्यात टाकायचं. “कागद म्हणजे संशय!” महाराज समजावत. “बिल सांभाळणाऱ्याला कृपा सांभाळता येत नाही.” खालचा दुकानदार हात जोडून हंड्यापाशीच उभा असे आणि बिलं आत नीट दाबत असे. रोज आरतीसारखी ती हंड्यातच जाळली जात. त्याची भक्ती पाहून लोकांना गहिवरून यायचं.

गुरुवारी दुपारी बाराच्या सुमारास शाळेतल्या विज्ञानाच्या बाई धापा टाकत जिना चढून आल्या. थेट शिवणवालीसमोर उभ्या राहिल्या.

“अगं, माझे कपडे शिवायला घेतलेस आणि दुकानाला कुलूप! तीन दिवस फोन करतेय, बंद लागतो.”

“बंद कसा, बाई? हा काय, चालू आहे.”

“चालू? थांब.” बाईंनी तिथंच नंबर लावला आणि आवाज मोठा केला. ‘आपण डायल केलेला नंबर सध्या बंद आहे,’ असं बाईंचा फोन सगळ्या माडीला सांगू लागला. शिवणवालीच्या मांडीवरचा फोन मख्ख.

“अश्रद्ध माणसाचा फोन इथं लागत नाही,” महाराज शांतपणे म्हणाले.

“महाराज, मग या सश्रद्ध पोस्टमनदादांना तुमच्या फोनवरून लावा की!”

कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांनी डोळे मिटले. त्यांना अचानक समाधी लागली.

बाईंनी शिवणवालीच्या फोनवरची लाल पट्टी नखानं खरवडली. खाली बारीक फुली होती. “ही फुली म्हणजे नेटवर्क नाही. हा पंखा म्हणजे वाय-फाय. याच्यावर इंटरनेटचे फोन येतात, मुलं ॲपवरून करतात ते. साधा नंबर लावला की वाजणार नाही. आता याचं उगमस्थान बघू.”

त्या आसनामागं गेल्या. शिष्य आडवा आला, तर म्हणाल्या, “बाळ, मी सातवी ‘ड’ सांभाळते. तू काय चीज आहेस!” पडद्यामागं लुकलुकणारी एक डबी होती, आणि तिची वायर जमिनीतल्या भोकातून खाली गेली होती. सरळ मोबाइलच्या दुकानात.

बाईंनी पिन उपसली. माडीतले सगळे पंखे एकदम मिटले.

लोकांनी आधी हातातल्या फोनकडं पाहिलं, मग त्या भोकाकडं, मग हंड्याकडं. बाई सावकाश म्हणाल्या, “विकणाऱ्याकडून भरपाई मिळेल असं सरकारच्या नोटिशीत लिहिलं होतं. महिनाअखेरपर्यंत बिल घेऊन या, असंही होतं. कुणी वाचलं?” पोस्टमनदादांनी हंड्यात हात घातला. राख होती.

दुकानदार जिन्याकडं सरकू लागला. चार बायकांनी जिना अडवला. त्या गलक्यात शिवणवाली मात्र जागची हलली नव्हती.

“बाई,” ती म्हणाली, “म्हणजे हॉस्पिटलचा फोनही…?”

बाईंनी तिच्या फोनमधलं सिम काढलं आणि स्वतःच्या फोनमध्ये घातलं. “बंदी फोनवर आहे, सिमवर नाही. तुझा नंबर कधी मेलाच नव्हता. कुठल्याही खऱ्या फोनमध्ये चालला असता.”

अर्धं मिनिट गेलं. मग फोन वाजायला लागला. टिंग. टिंग. टिंग. हुकलेल्या फोनांचे निरोप. सात होते. चार बाईंचेच. तीन हॉस्पिटलचे, आज सकाळचे. आठ वाजून दहा, आठ चाळीस, सव्वानऊ.

तिनं हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडची नर्स हळू बोलत होती, तरी मला ऐकू आलं. “ताई, आम्ही फार प्रयत्न केला. पुढच्या पेशंटला आत घेतलंय. तुमचं नाव यादीत आहेच. पण पुन्हा कधी, ते नाही सांगता येत.”

तिनं फोन बाईंना परत दिला. बटणं पिशवीत भरली. मग माझ्याकडं वळली.

“काका, तुम्हाला माहीत होतं.”

तो प्रश्न नव्हता.

त्या संध्याकाळी बाईंनी ग्राहक मंचाकडं अर्ज लिहिला. बिलं नाहीत, तेव्हा साक्षी गोळा करायच्या ठरल्या. त्रेसष्ट सह्या झाल्या, त्यात माझी साक्षीदार म्हणून. निकाल अजून नाही. महाराज दुसऱ्या दिवशी गावात नव्हते. दुकान उघडं आहे. वेल्डर ओट्यावर बसलेला असतो. मी समोरून गेलो की पावलांवरून ओळखतो आणि “या काका” म्हणतो. तिनं त्याला माझ्याबद्दल काही सांगितलेलं नाही.

वाचकहो, लबाड माणसं असणारच. त्यांचा चमत्कार एका खोलीतच का घडतो, दाराबाहेर का टिकत नाही, एवढं विचारायला विज्ञानाची पदवी लागत नाही. साधा नंबर लावून पाहावा. पुरावा ठरणारा कागद कुणी जाळायला सांगत असेल, तर त्या कागदाची भीती कुणाला आहे ते पाहावं. आणि तुम्हाला खरं काय ते कळलं असेल, तर जिन्यात हळू आवाजात सांगून बाजूला सरू नका. चार वाक्यं लागली तरी बोला. मागची माणसं थांबतील.