अजून कच्चं

"हा माणूस काय करतोय, सांगा बरं?" सरांनी पडद्यावरच्या चित्रावर काठी टेकवत विचारलं.

चित्रात एक उघडाबंब माणूस जमिनीतल्या खड्ड्याशी वाकून बसला होता आणि शेजारी दुसरा कातड्याचा भाता दाबत होता. प्रशिक्षणासाठी धरून आणलेल्या भट्टीखात्यातल्या मंडळींपैकी निम्मी पेंगत होती आणि उरलेली चहाच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. दुसऱ्या रांगेतला थर्मामीटर मात्र टक्क जागा होता, आणि वैतागलेला होता.

"जाळाचा रंग बघतोय," तो म्हणाला. "त्यात विचारायचं काय?"

"बरोबर. म्हणजे अंदाज. हजारो वर्षं माणसानं धातू असा अंदाजावर वितळवला."

अंदाज हा शब्द थर्मामीटरला झोंबला. त्याचं हे नाव काही आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. कारखान्यात उष्णता मोजायचं कसलंही यंत्र नव्हतं, त्या काळात तो उजव्या डोळ्याला निळी काच लावून भट्टीत डोकवायचा आणि पोलादाचा रस ओतण्याजोगा पांढरा झाला की नाही ते सांगायचा. सांगायचा म्हणजे तोंडाने नव्हे. भट्टीच्या गोंगाटात शेजाऱ्याची हाक शेजाऱ्याला ऐकू जात नसे. थर्मामीटरने काच खाली घेऊन खिशात टाकली की माल तयार, ही खूण. मग पहारवाल्याने पहार घालून भट्टीचं तोंड फोडायचं. ती खूण होईपर्यंत कोणी हात हलवायचा नाही, मग साहेब येवो नाहीतर साहेबाचा साहेब.

आता यंत्र आलं होतं. लांब दांड्याच्या टोकाला कागदी पुंगळी लावून ती रसात बुडवायची, की भिंतीवरच्या पाटीवर लाल आकडा उमटायचा. खात्यात त्या दांड्याला काडी म्हणत. थर्मामीटर म्हणे, नाव अगदी योग्य ठेवलंय, चाललेल्या कामात घालण्यासाठीच आणली आहे.

सरांची चित्रं पुढे सरकत होती. खाणीतल्या कातळाशी लाकडं पेटवून वर गार पाणी ओतणारी माणसं, म्हणजे दगड तडकायचा. मग भाता ओढणारं पाणचक्कीचं चाक. मग दगडी कोळसा, वाफेचा पंप, वीज. चित्रागणिक माणसं कमी होत चालली आहेत, हे थर्मामीटरच्या लक्षात आलं आणि त्याचा पारा आणखी चढला. शिवाय तो पडदा. चांगला पिवळा पडलेला. एवढा मोठा कारखाना, आणि एक धड पडदा विकत घेता येत नाही.

घरी आला तर घरात रंगारी. बैठकीच्या खोलीला दुसरा हात मारून तो ब्रश धूत होता. थर्मामीटरने भिंतीकडे पाहिलं आणि पिशवी खुर्चीवर आपटली.

"मी पांढरा सांगितला होता."

"पांढराच आहे, काका."

"हा पांढरा? याला सायीचा रंग म्हणतात."

"डबा दाखवू का? याच्यापेक्षा पांढरा मिळतच नाही बाजारात."

"अहो, पांढराच आहे," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "मी उभी राहून लावून घेतलाय."

"तू त्याची बाजू घेऊ नकोस."

रंगाऱ्याने तिसरा हात मारला. तोही पिवळा निघाला. तेव्हा त्याने शिडी खांद्यावर टाकली, आता यावर बर्फ आणून थापा म्हणाला आणि चालू लागला. बायकोने कपाळाला हात लावला. गेलं वर्षभर हेच चाललं होतं. शर्ट नीट धुतला जात नाही म्हणून तिने तीनदा साबण बदलला होता. दुधात काहीतरी घालतात म्हणून दूधवाल्याशी बोलाचाली झाली होती. आता रंगारीही गेला. गल्लीत बोलायला माणूस उरेल की नाही, याची तिला काळजी लागली होती.

दुसऱ्या दिवशी भट्टीवर नेहमीचीच कटकट झाली. त्या पाळीला देखरेखीला असलेल्या इंजिनियरबाई हातात कागद घेऊन थर्मामीटरच्या कानाशी आल्या. पोरगी हुशार होती, नम्र होती, आणि त्याला त्याचाच जास्त राग यायचा. भांडायला सोय नाही.

"काका, आकडा आलाय. सोडा आता."

थर्मामीटरने काच डोळ्याला लावली. आत रस खदखदत होता, पिवळट हिरवा, गवताच्या रंगाचा.

"अजून कच्चं आहे."

"काडी दोनदा घातली मी."

"दोनदा खोटं बोलली."

"काका, असंच तापवत राहिलो तर आतल्या विटा खाऊन टाकेल तो रस. गेल्या महिन्यातही अस्तर फार झिजलंय. तुम्ही बघताय ना?"

"बाई, तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून मी हेच बघतोय."

या वाक्यापुढे कोणाचं काही चालत नसे. बाईंनी पहारवाल्याकडे पाहिलं. पहारवाला थर्मामीटरच्या हाताकडे बघत होता. तो दुसरीकडे कुठे बघणारच नव्हता. काच अजून डोळ्याला होती, म्हणून भट्टीची वीज चालू राहिली.

आणि तळाच्या विटा सुटल्या. आधी एक बारीक पांढरी धार दिसली, मग भसकन सगळा रस खालच्या खड्ड्यात उतरला. माणसं वाट मिळेल तिकडे पळाली. बाईंनी वीज तोडली. कोणाला इजा झाली नाही ही देवाची कृपा. पहारवाला शेवटच्या क्षणी बाजूला उडाला. बूट जळाला, पाय वाचला. खड्ड्यात सगळा माल एकच ढेकूळ होऊन बसला.

"विटा हलक्या दर्जाच्या," थर्मामीटर भेटेल त्याला सांगत सुटला. "आजकाल विटा कुठे मिळतात चांगल्या?"

पहारवाला बाकावर एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा अशा अवतारात बसला होता. पंचवीस वर्षांची दोस्ती. त्याने वर पाहिलं.

"तू काच खाली का नाही घेतलीस?"

"अरे, कच्चं होतं."

"तोंडाशी मी उभा होतो. मला जाळानं भाजत होतं. मला वाटत होतं झालंय. पण मी तुझ्याकडे बघत राहिलो."

तो रागाने बोलला असता तर थर्मामीटरला बरं वाटलं असतं. रागाला उत्तर देता येतं. तो घरी आला, आणि जेवताना बायकोला सगळं सांगून टाकलं. यंत्राला शिव्या घातल्या, विटांना घातल्या, बाईंनाही घातल्या. पहारवाल्याच्या मोज्याचं मात्र त्याने एकाच वाक्यात उरकलं.

बायको ऐकत होती. मग उठून तिने साखरेचा डबा त्याच्यापुढे उघडला.

"ही साखर कसली आहे?"

"पिवळट. दुकानदार जुना माल खपवतोय."

"भिंत पिवळी. शर्ट पिवळे. दूध पिवळं. साखर पिवळी," ती म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता. "सगळी दुनिया एकी करून तुम्हाला एकट्यालाच फसवतेय का हो? दुसरा उद्योग नाही तिला?"

थर्मामीटरचा घास हातातच राहिला.

डोळ्यांच्या डॉक्टरांना दोन मिनिटं पुरली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि आजचा नव्हे. "भट्टीवाल्यांना होतोच," डॉक्टर म्हणाले. "नजर हळूहळू पिवळी होत जाते. एकदम झाली असती तर तुम्हाला कळलं असतं." डावा डोळा आधी करायचा ठरलं, उजवा महिनाभराने.

पट्टी निघाली तेव्हा तो बैठकीच्या खोलीत खुर्चीवर बसला होता. समोरची भिंत इतकी पांढरी होती की त्याने मान वळवली. वळवली तर तिथे बायको उभी. तिच्या डोक्यावर एकही काळा केस नव्हता.

"तुझे केस कधी एवढे पांढरे झाले?"

"झाले हळूहळू. तुम्ही भट्टीत बघत होतात."

त्याने डावा डोळा झाकून तिच्याकडे पाहिलं, मग उजवा झाकून पाहिलं. असं तीन-चारदा केलं. शेवटी ती वैतागून पदराने हात पुसत आत गेली. तिच्या मागून तो एवढंच म्हणाला, "त्या रंगाऱ्याला चहाला बोलाव एकदा."

कामावर रुजू झाला त्या दिवशी सरांचा शेवटचा वर्ग होता. पुन्हा तेच पहिलं चित्र आलं, खड्डा आणि उघडाबंब माणूस. पडदा स्वच्छ पांढरा होता.

"सर, एक विचारू?" थर्मामीटर उभा राहिला. "या माणसाची नजर गेली की काय करत?"

"तशी नोंद नाही कुठे. दुसरा कोणीतरी बसत असेल."

"आणि गेली हे त्याला स्वतःलाच कळलं नाही तर?"

कोणी पेंगत नव्हतं. सरांनी काठी खाली घेतली. "ते मला माहीत नाही, काका," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढचं चित्र लगेच लावलं नाही.

दुपारी नव्या अस्तराची भट्टी पहिल्यांदाच ओतायची होती. डॉक्टरांनी जाळाजवळ जायला मनाई केली होती, म्हणून तो चार पावलं मागे उभा राहिला. बाईंनी काडी घातली. पाटीवर लाल आकडा आला. बाईंनी तो कागदावर टिपला. पहारवाला नव्या बुटात, पहार पेलून भट्टीच्या तोंडाशी उभा होता. बाकीचेही आपापल्या जागी होते. आकडा सगळ्यांना दिसत होता, आणि तरी सगळे थर्मामीटरकडे बघत होते. त्याला त्यांचा मनस्वी राग आला. एवढं झालं, तरी ही माणसं शहाणी व्हायला तयार नाहीत.

त्याने काच काढून डाव्या डोळ्याला लावली. रस पांढराशुभ्र, झगझगीत. झालेला होता. कदाचित मघाशीच.

मग हात सवयीने उजव्या डोळ्याकडे गेला. याच डोळ्यावर त्याने घर चालवलं होतं, बहिणींची लग्नं केली होती, नाव कमावलं होतं. आत गवताच्या रंगाचा रस संथ खदखदत होता, आणि डोळा नेहमीच्या खात्रीने सांगत होता, अजून कच्चं आहे.

थर्मामीटरने त्याचं सांगणं पुरतं ऐकून घेतलं. मग काच खाली घेतली, रुमालाने पुसली आणि खिशात टाकली.

पहारवाल्याने पहार घातली.