तिन्हीसांजेचा जांभळा दिवा

मी भार्गवीच्या माडीवरचा जांभळा दिवा बोलतोय. जिथे ऊन पोचत नाही तिथे रोपं वाढवणं हे माझं काम. माझा रंग बघून येणारा-जाणारा आधी संशयानेच वर बघतो. बघू दे. मीही कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही.

चौलच्या या वाडीत माड-पोफळींची इतकी दाटी, की अंगणात कवडसा पडला तरी पुष्कळ. म्हणून भार्गवीने मला मागवलं आणि माझ्याखाली वांग्याचं बी पेरलं. बी म्हसळ्याचं, तिच्या आईने राखलेलं. आई गेल्या वर्षी वारली. पुडीत अठराच बिया उरल्या होत्या. ही रोपं गेली की ते वाण संपलंच.

टायमर मला सकाळी सहाला लावायचा, संध्याकाळी सहाला विझवायचा. रोपांनाही रात्र लागते. पण भार्गवी खाली शिकवणीत गुंतली, की तिच्या सासूबाई, श्यामलाबाई, दबकत वर यायच्या. बटण दाबून मला लावायच्या, वर हात जोडायच्या आणि दार ओढून जायच्या. मी रात्रभर जळत राहायचो. पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली.

माझी खात्रीच झाली. सुनेच्या माहेरची वांगी बाईंच्या डोळ्यांत खुपतायत, आणि हात जोडणं हे सगळं ढोंग.

बोल मात्र मला. "स्वस्तातला दिवा, दुसरं काय," भार्गवीचा नवरा देवदत्त म्हणाला. अकरा रोपं मेली. भार्गवी रडली आणि त्या संध्याकाळी मला खोक्यात भरायला वर आली. श्यामलाबाईंचं बोट तेव्हा बटणावर होतं.

"आई, रोज तुम्ही लावता हा?"

"मग? तिन्हीसांजेला दिवा विझलेला बरा नव्हे गो. तुझ्या आईची रोपं ती. त्यांच्यापाशी अंधार नको, म्हणून लावत्ये."

भार्गवी खाली बसली. एक पिवळं पान हातात घेऊन म्हणाली, "आई, रोपांनाही रात्रीची झोप लागते हो."

श्यामलाबाईंनी पिवळ्या पानांकडे बघितलं आणि त्याही तिथेच बसल्या.

आता मी सकाळी नऊला लागतो, रात्री नऊला विझतो. उरलेल्या सात रोपांना हिरवी पानं आली आहेत. तिन्हीसांजेला श्यामलाबाई येतात. मी आधीच लागलेला असतो, तरी त्या हात जोडतात आणि बराच वेळ तसेच ठेवतात.

बाई, मी तुम्हाला वाईट समजलो. माफ करा. फक्त त्या बटणापासून जरा लांब उभ्या राहा.