कारण सांगा

डॉक्टर कांचन प्रधान यांची उभी हयात अमेरिकेत, मिनेसोटातल्या डुलुथच्या हॉस्पिटलात पेशंटना भूल देण्यात गेली. नवरा गेल्यावर तिथलं घर विकून त्या ईडन प्रेरीत मुलाकडे, मिहीरकडे राहायला आल्या, आणि बघता बघता त्या घरातल्या बिनपगारी ड्रायव्हर झाल्या. नैनाला, म्हणजे नातीला, शाळेतून आणा, स्विमिंगला सोडा. सून अदिती मीटिंगमध्ये असली की पोळ्या लाटा. शेवटी कंटाळून त्यांनी तळ्याकाठच्या एका कॉम्प्लेक्समध्ये अपार्टमेंटसाठी अर्ज केला.

तो नामंजूर झाला. "सॉफ्टवेअरने ठरवलंय, आमच्या हातात काही नाही," ऑफिसातली मॅनेजरबाई म्हणाली.

"जाऊ दे ना आई," मिहीर म्हणाला. "इथे काय कमी आहे तुला?"

कांचनताई जाऊ देणाऱ्यातल्या नव्हत्या. मिनेसोटात नवा कायदा आला होता. कॉम्प्युटरने घर नाकारलं तर कारण विचारायचा आणि माहिती चुकीची असेल तर ती दुरुस्त करून फेरतपासणी मागायचा हक्क माणसाला मिळाला होता. त्यांनी ईमेल केले, फोन केले. कॉम्प्लेक्सच्या कंपनीने टोलवाटोलवी केली, तेव्हा त्यांनी सरळ सरकारकडे तक्रार करायची धमकी दिली. मग कुठे मॅनेजरबाईने त्यांना समोर बसवून घेतलं.

"तुमची क्रेडिट हिस्टरी उत्तम आहे," ती अवघडून म्हणाली. "पण आधीच्या घरमालकाने ऑनलाइन कळवलंय की तुम्ही एकट्या राहू शकत नाही. गॅस चालू ठेवून विसरता. त्यामुळे सॉफ्टवेअरने दिलेला स्कोअर पडला."

आधीचा घरमालक म्हणून अर्जात त्यांनी स्वतःच मिहीरचं नाव दिलं होतं.

घरी येऊन त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. "मी गॅस कधी विसरले रे?"

मिहीरने लॅपटॉप मिटला. "ते... एकदा दूध करपलं होतं ना."

"ते अदितीने करपवलं होतं."

"ओके, फाइन! तू गेलीस तर नैनाला कोण बघणार? आमची दोघांची ऑफिसं आहेत. वी नीड यू, आई."

"मग गरज आहे असं मला तोंडावर सांगायचंस. परक्यांना माझं डोकं फिरलंय असं कशाला कळवलंस?"

"ओव्हररिॲक्ट करू नकोस, प्लीज."

"त्या मशीनला जाब विचारायला कायदा आहे, मिहीर. तुला मी कुठल्या कायद्याने विचारू?" त्यांनी लॅपटॉप पुन्हा उघडून त्याच्यापुढे सरकवला. "खरं काय ते लिही. आत्ता, माझ्यासमोर."

दात आवळून त्याने लिहिलं. फेरतपासणी झाली आणि अपार्टमेंट मंजूर झालं.

सामान न्यायला ट्रक आला त्या दिवशी मिहीर गराजच्या दारात हाताची घडी घालून उभा राहिला. एका खोक्याला त्याने हात लावला नाही. अदिती वरून खाली उतरलीच नाही. कांचनताई गाडीत बसल्या तेव्हा मात्र तो खिडकीशी आला.

"सोमवारी नैनाचं पिक-अप करशील ना?"

"नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी काच वर केली.