क्लेमकाकाच्या भांड्यातल्या रक्तवाहिन्या

गावोगाव रोग बरे करत फिरणाऱ्या ब्रदर लॉयला आम्ही गावाबाहेर हाकलून दिलं. म्हणजे तसं काही घडलेलंच नाही. तो आपणहून गेला. आम्ही फक्त त्याची गाडी ढकलली, आणि ती सुरू झाल्यावरही ढकलत राहिलो.

त्या शनिवारी त्याच्या कार्यक्रमाला गावच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्याकडे समारंभ म्हटला की प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा. लॉयने पदार्थ माफ केला होता. त्याला नुसतं भांडं हवं होतं: मटणाचा रोस्ट भाजायचं, झिलई दिलेलं जाड मातीचं, ओव्हनमधून थेट. गावच्या एकुलत्या एका भट्टीची भांडी सगळ्यांकडेच, त्यामुळे चमत्काराला माल कमी पडला नाही.

गरम भांड्यात तो गार ‘शांतिजल’ ओती. भांडं टिंग टिंग गाऊ लागे. मग लाल ‘जीवनरस’ फिरवून पुसला की झिलईवर केसासारख्या लाल रेषांचं जाळं उमटे. या म्हणे मालकाच्या रक्तवाहिन्या.

क्लेमकाकाचं भांडं पाहून लॉयने डोळे मिटले. “तुझ्या नळ्या मोकळ्या झाल्या, क्लेम. आता चाकू लावू देऊ नकोस.”

मंगळवारी काकाचं हृदयाचं ऑपरेशन होतं. ते रद्द, असं काकाने तिथेच जाहीर केलं. पर्लकाकू रडकुंडीला आली. डॉक्टर खोटा आणि मटण भाजायचं भांडं खरं, हे तिला पटेना. काका म्हणाला, डॉक्टरने कधी गाऊन दाखवलंय का?

तेवढ्यात काकाची पुतणी ब्रॉन्विन टॉवेलात गुंडाळलेलं एक गरम भांडं घेऊन पुढे आली. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवते. रेषा उमटल्या. लॉयने उसासा सोडला. “पोरी, यकृतात काळजी साचलीय. मनातल्या माणसाला होकार देऊन टाक.”

“हे आमच्या टफीचं आहे,” ब्रॉन्विन म्हणाली. “काठ उडाला म्हणून त्याला दिलेलं. तो कुत्रा आहे. आणि त्याची नसबंदी झालीय, तेव्हा होकाराचा प्रश्न मिटला.”

मग तिने वर्गात सांगतात तसं सांगितलं. झिलई म्हणजे मातीवरचा काचेचा पातळ थर. आपल्या भट्टीची झिलई थंड होताना मातीपेक्षा जास्त आकसते, म्हणून कायम ताणलेली असते. तापलेल्या भांड्यात गार पाणी पडलं की ती तडकते, आणि तेच गाणं. बारीक तड्यांत रंग शिरतो, त्याच रक्तवाहिन्या. जीवनरस तिने बोटाने चाखला. डबाबंद बीटाचं पाणी.

वास सगळ्यांनाच आला होता. पण आम्ही बर्गरमध्येही बीट घालणारी माणसं. बीटाचा वास आला की संशय कसला, आम्हाला भूक लागते.

“मग माझ्या नळ्या?” काकाने हळूच विचारलं.

“त्या छातीत आहेत, काका. भांडं तडकलं तर दुसरं आणू. तुम्हाला कुठून आणायचं?”

काकाने आपलं भांडं टेबलावर उलटं ठेवलं. मग पर्लकाकूला म्हणाला, मंगळवारची बॅग भर.

तर मंडळी, भांड्याचं कुंभाराला विचारा, छातीचं डॉक्टरला, आणि कुणी दोन्हीचं एकदम सांगू लागला तर आधी त्याच्या बाटलीचा वास घ्या. सबब नगर परिषदेस नम्र विनंती, की हद्दीतील सर्व भांड्यांना हृदयरोगावर मत देण्यास तत्काळ मनाई करण्यात यावी, आणि आदेश मोडणाऱ्या भांड्यास तीस दिवसांत लेखी खुलासा करण्यास फर्मावण्यात यावे.