धुरांड्याची उंची

एकताने त्याला ओळखलं ते आवाजावरून. चेहरा तिने पूर्वी नीट पाहिलाच नव्हता.

"हा नको, फारच किरकोळ दिसतो. मोठा दाखवायला सांग," तो बायकोला मराठीत म्हणाला, आणि एकताच्या हातातला कॅटलॉग खाली पडता पडता राहिला.

उबी भागातल्या एका औद्योगिक इमारतीच्या वरच्या मजल्यावर तिचं शोरूम होतं. लाकूड जाळून घर गरम करणारे स्टोव्ह आणि लाकडावर चालणारे कुकर, म्हणजे बिडाच्या मोठ्या चुली, तिथे विकायला असत. बारा महिने घाम फुटणाऱ्या सिंगापुरात हे कोण घेतं, असं ओळखीची माणसं तिला हसून विचारायची. घेणारे होते. रॅफल्स प्लेसच्या बँकांमधून भरपूर कमावून ज्यांनी हिमाचलात, कुमाऊंत नाहीतर न्यूझीलंडला दुसरं घर बांधलं होतं, ते यायचे. मालकाने एसी इतका वाढवून ठेवला होता की गिऱ्हाईक पाच मिनिटांत हात चोळू लागे. एकता खोलीचं माप घ्यायची, स्टोव्ह निवडून द्यायची आणि तो कसा बसवायचा याचा नकाशा काढून त्या गावच्या मिस्त्रीला पाठवायची. नागपूरला मेकॅनिकल डिप्लोमा केला होता तिने. हे काम तिला आवडायचं.

तो आवाज तिने पाच वर्षांपूर्वी ऐकला होता. दोन हजार एक साली, हॉस्पिटलच्या भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डाबाहेर. आत तिचा नवरा उज्ज्वल डाव्या हाताला आणि मानेला बँडेज बांधून पडला होता, आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये प्रबोध कारखानीस फोनवर कुणाला तरी सांगत होता, "त्यानेच घाई केली. मी काय करणार?"

घाई उज्ज्वलने केली नव्हती. जुरोंग आयलंडवरच्या त्या कारखान्यात भट्टी पेटवण्याआधी पंधरा मिनिटं नुसती हवा फिरवायची, म्हणजे आत साठलेला गॅस निघून जातो, असा नियम होता. त्या दिवशी काम मागे पडलं होतं. मॅनेजर प्रबोधने "चार मिनिटं पुरे, पेटव" म्हणून तोंडी हुकूम सोडला. उज्ज्वल नको म्हणाला, पण दुसऱ्यांदा नको म्हणायची त्याची हिंमत झाली नाही. झडपेतून जाळ बाहेर आला. चौकशीत प्रबोधने हात झटकले. पेटवण्याआधीच्या तपासणीच्या यादीवर सही उज्ज्वलची होती. नोकरी गेली, कामाचा पास रद्द झाला आणि महिन्याभरात नवराबायको चंद्रपूरला परत. एकताला तेव्हा पाचवा महिना होता.

त्याहून लागलं होतं ते निराळंच. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमात प्रबोध चारचौघांत म्हणाला होता, "असल्यांना कॉलेजात जागा कशा मिळतात ते आपल्याला ठाऊक आहे. मग असं होतं." हे वाक्य चंद्रपूरपर्यंत पोचलं. उज्ज्वल त्याच्या कॉलेजात पहिला आला होता. त्या वाक्यानंतर तीन वर्षं त्याने कुणा मराठी माणसाशी धड बोलणं ठेवलं नाही. पुढे दुसऱ्या कंपनीने त्याला परत बोलावलं, ते सिंगापुरात पुंगोलला राहायला आले, मुलगी बालवाडीत जाऊ लागली. पण उज्ज्वलची डाव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नव्हती.

आणि आता हा माणूस तिच्यासमोर उभा होता.

"मी मराठीच आहे," एकता म्हणाली. "बोला ना, कुठे आहे घर?"

"अरे वा!" प्रबोध खूश झाला. "कुमाऊंत, मुक्तेश्वरला. समोर सगळी बर्फाची रांग दिसते. कुठल्या तुम्ही? आडनाव काय?"

"चंद्रपूरची. इथे सगळे एकताच म्हणतात."

त्याची बायको राधिका तोवर कोपऱ्यातल्या कुकरपाशी गेली होती. बिडाचा, गडद हिरव्या रंगाचा, वर दोन तवे मावतील अशी सपाट पट्टी, खाली भट्टी आणि मागे पाण्याची टाकी. तिने टाकीवर हात फिरवला. "म्हणजे आपला बंबच की हा! स्वयंपाक करता करता आंघोळीचं पाणी."

"हो ताई. आणि स्वयंपाकघरही उबदार राहतं."

"मग हा माझा," राधिका म्हणाली. ती बाई एकताला आवडली, आणि ती आवडली याचा तिला रागही आला.

प्रबोधला दिवाणखान्यासाठी चौदा किलोवॅटचा स्टोव्ह हवा होता, पुढे मोठी काच असलेला. खोलीच्या मापाला सात पुरले असते. गरजेपेक्षा मोठा स्टोव्ह घेतला की खोली भट्टीसारखी तापते. मग माणूस त्याची हवा कोंडतो, लाकूड नीट जळत नाही, नुसतं धुमसतं, नळीत डांबर धरतं. एरवी हे ती प्रत्येकाला पहिल्या पाच मिनिटांत सांगे. तिने सांगितलं नाही.

"आणि धुरांडं छपराच्या वर अजिबात नको," प्रबोध म्हणाला. "गच्चीवरून शिखरं बघायची तर मध्ये तो पाइप कशाला? भिंतीतून आडवा काढा आणि बाहेर जेमतेम सहा-सात फूट वर न्या."

"खिडक्या?"

"दुहेरी काचेच्या. फट म्हणून नाही कुठे. स्वयंपाकघरात मोठा पंखा आहे, वास बाहेर टाकायला."

एकता लिहीत गेली. चौदा किलोवॅट. आडवी नळी. धुरांडं आढ्याखाली. हवेला वाट नाही. हवा बाहेर ओढणारा पंखा. हे सगळं एका घरात आलं की धूर वर जायचं सोडून खोलीत परत येतो, आणि त्याच्याबरोबर जो वायू येतो त्याला वास नसतो, रंग नसतो. माणसाला नुसती झोप येते.

"तिथे तपासायला वगैरे कुणी येतं का?" तिने विचारलं.

"मुक्तेश्वरला?" तो हसला. "आम्ही सांगू तसा मिस्त्री बसवतो."

"ठीक आहे. नकाशा करून ठेवते. पुढच्या शनिवारी सहीला या."

ती माणसं गेल्यावर एकता नकाशा काढायला बसली. तिला भीती वाटली नाही. उलट घसा गोड झाल्यासारखं वाटत होतं. आपण काहीच करायचं नाही. त्याने मागितलं तेच द्यायचं, त्याचीच सही घ्यायची. तुम्ही सही केलीत ना, मग आता मी काय करणार?

आठ दिवस तिने तो नकाशा टेबलाच्या खणात ठेवला. रोज काढून बघायची. रेघा सुरेख आल्या होत्या. बसमध्ये, मुलीला शाळेतून आणताना, भाकरी थापताना ती मनातल्या मनात त्या दिवाणखान्यात प्रबोधला बसवायची, काचेमागचा जाळ बघत, डोळे जड झालेला. उज्ज्वलला तिने यातलं काही सांगितलं नाही. "काय गं, एवढी खुशीत का आहेस?" त्याने एकदा विचारलंसुद्धा. "काही नाही, मोठी ऑर्डर आली," ती म्हणाली.

शनिवारी तिघं आली. तिसरी त्यांची मुलगी अनुया, सोळा-सतरा वर्षांची, कानात हेडफोन, पायात स्लिपर. ती आली आणि टेबलावरचा नकाशा स्वतःकडे ओढून बघायला लागली.

"धिस वन माय रूम," तिने बोट ठेवलं. दिवाणखान्यावरच्या माळ्यावर. मग आईकडे वळून मराठीत, शेवटी सिंगापुरी 'लाह' चिकटवत म्हणाली, "मला इथेच झोपायचंय. डिसेंबरची पूर्ण सुट्टी. बाबाने प्रॉमिस केलंय, लाह."

माळ्याला भिंत नव्हती, नुसता कठडा होता. खालची हवा आधी तिथेच चढणार होती.

एकताने मुलीच्या बोटाकडे पाहिलं. नखावर अर्धवट निघालेलं निळं नेलपॉलिश होतं. आठ दिवसांत या माळ्यावर कोण झोपणार हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता. तिने नकाशा परत ओढून घेतला आणि मधोमध फाडला.

"अहो!" प्रबोध ओरडला. "हे काय?"

"हा नकाशा चुकीचा आहे. मी जाणूनबुजून चुकीचा ठेवला होता. असा स्टोव्ह बसवलात तर पहिल्याच थंडीत या माळ्यावरची पोर सकाळी उठणार नाही."

राधिकाने अनुयाचा दंड धरला. "जाणूनबुजून? म्हणजे?"

"सांगते, ताई. बसा." एकताने स्वतःही खुर्ची ओढली. "धुरांडं का कापायचं नाही ते सांगते. जुरोंगला एक भट्टी होती. पेटवण्याआधी पंधरा मिनिटं हवा फिरवायची असायची. मॅनेजर म्हणाला, चार पुरे. पेटवणारा पोरगा नको म्हणाला. मॅनेजर म्हणाला, मी सांगतोय ना. जाळ बाहेर आला. त्या पोराचा हात जळला, मान जळली. तो वॉर्डात कण्हत होता तेव्हा मॅनेजर दाराबाहेर उभा राहून फोनवर सांगत होता, त्यानेच घाई केली. त्याची नोकरी घालवली, देशाबाहेर काढलं. वर चारचौघांत म्हणाला, असल्यांना कॉलेजात जागा कशा मिळतात ते आपल्याला ठाऊक आहे."

प्रबोध उठून उभा राहिला होता. "चला, राधिका. ही बाई—"

"गेल्या आठवड्यात तुम्ही माझं आडनाव विचारलंत, साहेब. रामटेके. एकता उज्ज्वल रामटेके."

तो थांबला. तो चेहरा एकताने डोळे भरून पाहिला. पाच वर्षं तिला हाच बघायचा होता: ओठ कोरडे, नजर दाराकडे, हात कुठे ठेवावेत ते कळत नाही.

"चौकशी झाली होती त्याची," तो म्हणाला. "कागद आहेत."

"प्रबोध," राधिका हळू म्हणाली. "त्या दिवशी तू घरी आलास आणि बाथरूममध्ये रडलास. मला म्हणालास, अकरा मिनिटं वाचवायला गेलो. मी विचारलं, कसली अकरा मिनिटं? तर म्हणालास, काही नाही. पंधरातून चार गेले की अकराच राहतात ना?"

अनुयाने हेडफोन काढले होते. "बाबा, इज इट ट्रू?"

"ते फार जुनं झालं, बेटा."

"दॅट्स नॉट व्हॉट आय आस्क्ड."

लेकीने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तसं काही एकताला स्वतःला सुचलंच नसतं. इतकी मोठी शिक्षा तिने कधी मनातही मांडली नव्हती. प्रबोध दार ढकलून एकटाच लिफ्टकडे गेला. मायलेकी मागे राहिल्या.

"तुम्ही आम्हाला मारायला निघाला होतात," राधिका म्हणाली.

"त्यांना. तुमचा विचार केला नव्हता. ते माझं चुकलं, त्याची माफी मागते. त्यांची मागणार नाही."

राधिकाने पर्स मांडीवर घेतली. मग म्हणाली, "बरोबर नकाशा कसा असतो, तो काढून द्या."

एकताने तिथेच काढून दिला. सात किलोवॅट, नळी सरळ वर, आढ्याच्या दोन फूट वर, हवेसाठी भिंतीत जाळी, आणि माळ्यावर वायूची सूचना देणारी घंटी.

त्या संध्याकाळी पुंगोलला, मुलगी खाली खेळत असताना, तिने उज्ज्वलला सगळं सांगितलं. तो खिडकीपाशी उभा राहून ऐकत होता. आडनाव सांगितलं तिथे आल्यावर म्हणाला, "परत सांग. तेव्हा कसा दिसत होता तो?" तिने सांगितलं. "परत." तिने तिसऱ्यांदा सांगितलं आणि उज्ज्वल हसला, मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तरी तो हसतच होता.

मग एकदम थांबला. "आठ दिवस तू तो कागद तसाच ठेवलास?"

"हो."

"आणि मुलगी आली नसती तर?"

एकताने खोटं बोलायचा विचार केला. "माहीत नाही," ती म्हणाली.

"मी भट्टीवर काम करतो, एकता. माझ्यासाठी असं कधी करू नकोस." तो मुलीला आणायला खाली निघून गेला.

पुढचं हळूहळू कानावर येत गेलं. राधिकाने त्या अकरा मिनिटांबद्दल कारखान्याला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. जानेवारीत उज्ज्वलला तिथून दोन ओळींचं उत्तर आलं: दोन हजार एकच्या अपघातात हवा फिरवण्याची वेळ वरिष्ठांच्या तोंडी आदेशाने कमी केल्याची नोंद अहवालात जोडण्यात आली आहे. क्षमा वगैरे काही नव्हतं. उज्ज्वलने ते पत्र कुणाला दाखवलं नाही, पण त्या रविवारी तो पहिल्यांदा आपणहून म्हणाला, मंडळाच्या कार्यक्रमाला जाऊ या. प्रबोधला त्याच्या नव्या कंपनीत सुरक्षा समितीवर घेणार होते, ते राहून गेलं. एकताला वाटे, एखाद्या दिवशी तो दाराशी येईल, खाली मान घालून उभा राहील. तो आला नाही.

हिरव्या कुकरची ऑर्डर मात्र आली, राधिकाच्या एकटीच्या नावाने. मार्चमध्ये तिची मेल आली. कुकर बसला होता, पाणी छान तापत होतं, मिस्त्रीने धुरांडं सांगितलं तेवढं उंच नेलं होतं. शेवटी एकच ओळ वेगळी होती: अनुया अजून बाबांबरोबर जेवायला बसत नाही.

एकताने ती ओळ दोनदा वाचली. वाईट वाटायला हवं, हे तिला कळत होतं. वाटलं नाही. तिने उत्तर लिहायला घेतलं: ताई, चिडाचं म्हणजे पाइनचं लाकूड जाळू नका, त्यात राळ असते. बांजाचं, म्हणजे तिकडच्या ओकचं घ्या, आणि एक वर्ष सुकवल्याशिवाय भट्टीत घालू नका.