पाहुण्यांची यादी

थोरलीला टापटिपीचं भारी वेड. घरात डबे उंचीप्रमाणे, लॅबमध्ये नळ्या रंगाप्रमाणे. तिच्या मशीनचं काम मात्र मोठं गमतीचं. अंगात कुठेही जंतू ठाण मांडून बसले की त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात तरंगत राहतात. ते वाचायचे आणि कोण शिरलंय ते नावानिशी सांगायचं. पण मशीन पडलं भोळं. पाण्यातले, हातमोज्यांवरचे, कातडीवरचे, सगळ्यांचीच नावं सांगून मोकळं व्हायचं. अशा आगंतुकांना लॅबमध्ये 'पाहुणे' म्हणत. दोन वर्षांपूर्वी थोरलीनेच पाहुण्यांची यादी करून कॉम्प्युटरला बजावलं होतं, की ही मंडळी रिपोर्टात छापायची नाहीत. तेव्हापासून रिपोर्ट कसे लख्ख यायचे, आणि थोरलीची कॉलर ताठ.

परवाचा रिपोर्ट तर इतका लख्ख होता की त्यात काहीच नव्हतं. रोगी कोण, तर तिची जाऊ, धाकटी. चार वर्षांपूर्वी हृदयात कृत्रिम झडप बसवलेली, आणि आता सहा आठवडे ताप. रक्त बाटलीत घालून पाच दिवस उबेला ठेवलं, तरी काही उगवलं नाही. त्यात मशीनही 'जंतू नाही' म्हणालं. तेव्हा डॉक्टरांनी ठरवलं की शरीर स्वतःशीच भांडतंय, स्टिरॉइड द्यायचं. आज चार वाजता पहिला डोस. जंतू असलाच, तर हे औषध त्याला रान मोकळं करून देणार होतं.

थोरलीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुपारी डबा न उघडता तिने धाकटीच्या रक्ताची कच्ची यादी उघडली, पाहुण्यांसकट. वरच एक नाव बसलेलं, कातडीवरच्या जंतूचं. चारशे बारा तुकडे. हा तर आपला रोजचाच, म्हणून ती पुढे सरकली, आणि थांबली. रोज रोग्यांच्या रक्ताबरोबर नुसत्या पाण्याचीही एक नळी मशीनवर चढवतात. लॅबमधून येणारे पाहुणे त्या पाण्यातही दिसतात. त्या दिवशीच्या पाण्यात हे महाशय होते फक्त दोन.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. धाकटीच्या दुसऱ्या हातातून घेतलेलं रक्त वेगळं तपासलं होतं. ते तिने उघडलं. तीनशे नव्वद.

कागद घेऊन ती लॅबप्रमुख सरांच्या खोलीत घुसली. सरांनी चष्मा कपाळावर ढकलला. "अहो, नेहमीचा पाहुणा आहे तो. सुईबरोबर आला असेल."

"दोन्ही हातांतून, सर? जवळजवळ सारखाच? आणि पाणी स्वच्छ असताना? हा कृत्रिम झडपेवर बसतो. वाढतो इतका सावकाश, की पाच दिवसांत बाटलीत दिसतच नाही."

सर आकडे बघत राहिले. "यादी कोणी केली होती?"

"मीच."

"मग त्यातून याला खोडा नंतर. आधी वर पळा, मी डॉक्टरांना फोन लावतो."

फोन लागेना. लिफ्ट हलेना. थोरली दोन मजले चढून गेली, धापा टाकत, आणि भीतीच्या पोटात तिला विलक्षण आनंद होत होता. सापडला होता चोर. वॉर्डात सिस्टर औषध भरत होत्या आणि डॉक्टर पलंगाशी उभे होते.

"थांबा," थोरली म्हणाली. "माझा रिपोर्ट चुकलाय."

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. सिस्टरना म्हणाले, "हे बाजूला ठेवा." मग थोरलीला, "त्या रक्ताच्या बाटल्या टाकून दिल्यात का?"

"नाही, अजून आहेत."

"मग राहू द्या आणखी दहा दिवस. आणि नवं रक्त घेऊन लगेच अँटिबायोटिक सुरू करू." मग कागद परत देत, "दर आठवड्याला मला हा आकडा हवा."

तीन दिवसांनी बाटली गढूळ झाली. आत तोच. लॅबमध्ये एरवी बाटली गढूळ झाली म्हणून कोणी नाचत नाही, पण थोरली नाचली, आणि सरांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

आठव्या दिवशी ती नवा कागद घेऊन वर गेली. धाकटीचा ताप हट्टी, अजून शंभरच्या वरच. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"ताई, उतरत नाहीये गं. तुम्ही सगळे उगाच माझी समजूत काढताय."

"तापाचं सोड. हे बघ. चारशे बाराचे सत्तावन्न झाले. रक्तातला जंतू मरतोय, तापाला ते कळायला उशीर लागतोय इतकंच."

धाकटीने कागद हातात घेतला. बोट ठेवून दोन्ही आकडे वाचले, पुन्हा वाचले.

"म्हणजे मी वाचेन?"

लॅबमधल्या माणसाने रोग्याला असं काही सांगायचं नसतं. आकडा द्यायचा आणि गप्प बसायचं, बाकीचं डॉक्टर बोलतात. थोरलीने तिचा हात घट्ट धरला.

"हो," ती म्हणाली. "वाचशील."