पानाच्या तळाचं नाव

कॉलेजच्या वेबसाइटच्या अगदी तळाशी, जिथं कुणी मुद्दाम बघत नाही, तिथं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं : वेबमास्टर, राजकुमार. हा राजकुमार म्हणजे संस्थेचे सचिव भगवानराव यांचा धाकटा मुलगा. तो हैदराबादला राहायचा, आणि आपलं नाव तिथं आहे हे त्याच्या स्वतःच्या तरी ध्यानात होतं की नाही कोण जाणे. साइट उभी केली होती ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या प्रीतीनं. निकाल, फोटो, वेळापत्रकं, तेलुगू मुलूख म्हणून इंग्रजीत आणि तेलुगूत, सगळं पाच वर्षं तिनंच चढवलं. साइट तीनदा बंद पडली आणि तीनदा तिनंच व्हिडिओ बघत बघत चालू केली. तरी शिपायापासून प्रिन्सिपॉलपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ती 'ऑपरेटर बाई'च होती.

एवढ्याशा शब्दात काय ठेवलंय, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते बहुतेक असे असतात की ज्यांना जन्मापासून लोकांनी नावानं हाक मारलेली असते. प्रीतीचे वडील खुशाल यांनी भगवानरावांच्या तलमडुगु गावच्या शेतात तीस वर्षं सालदारकी केली, आणि त्या घरात त्यांचं नाव होतं 'ए'. त्यामुळे प्रीतीला ते बारीक अक्षरातलं नाव हवं होतं. तिनं दोनदा मागूनही बघितलं. भगवानराव दोन्ही वेळा गोड हसले. "घरच्या पोराचं नाव हाय, राहू दे," ते म्हणाले. "तुले खुर्ची देल्ली ना बसाले?"

यंदा बसस्टँडजवळ नवं कॉलेज निघालं आणि भगवानरावांचं हसू आटलं. इंटरच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, त्यांच्याकडे पोरं कमी आली होती. गावात बोभाटा झाला की यांची अॅडमिशनची यादी खोटी आहे, नुसती नावं भरलीत. भगवानरावांनी प्रीतीला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, पूर्ण यादी साइटवर टाक, फोटोसकट, फोन नंबरासकट. ज्याला शंका असेल त्यानं फोन लावून विचारावं. प्रीती म्हणाली, साहेब, यात पोरी आहेत, त्यांचे नंबर असे उघड्यावर टाकत नसतात. एवढी अक्कल तिला होती, हे लिहून ठेवलं पाहिजे, कारण पुढं तिनं जे केलं ते न कळून केलं असं कुणी म्हणू नये.

भगवानरावांनी टेबलावर बोटं वाजवली. मग म्हणाले, "अस्सं कर, खाली तुहं नाव लाव. वेबमास्टर. आजच लाव."

प्रीती खुर्चीवर येऊन बसली. तिनं आधी राजकुमारचं नाव काढलं, आपलं टाकलं, पान चार वेळा उघडून बघितलं, आणि मग यादी चढवली. एकशे बारा नावं होती. त्यातल्या सत्तेचाळीस पोरी.

संध्याकाळी तिनं खुशालरावांना मोबाइलवर ते पान दाखवलं. त्यांना मराठी वाचता येत होतं, इंग्रजी आणि तेलुगू नाही. त्यांनी चष्मा लावून ती इंग्रजी अक्षरं एकेक करून कॅलेंडरच्या मागच्या बाजूला उतरवून घेतली, प्रीतीचं नाव आणि वेबमास्टर, आणि ते कॅलेंडर उलटं करून भिंतीला टांगलं. त्या महिन्यात घरात कुणाला तारीख कळली नाही.

तिसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. कॉलेजला नव्हे, पोरींना. कोण कुठले टवाळ, फोटो बघायचे आणि नंबर लावायचे. शेजारच्या रुपाकडे स्वतःचा फोन नव्हता. अॅडमिशनच्या फॉर्मवर तिनं भावाचा, भूषणचा नंबर दिला होता. भूषणच्या फोनवर एका दिवसात एकवीस परके पुरुष रुपाला मागत होते. भूषणनं त्यांना काही केलं नाही. त्यानं रुपाला मारलं.

रुपा सुजलेला गाल ओढणीत झाकून प्रीतीकडे आली. "ताई, माहा नंबर काढून टाक ना," ती म्हणाली. "तुह्या हातात हाय ना सगळं?"

हातात होतं. पासवर्ड जगात एकट्या प्रीतीला पाठ होता आणि दोन मिनिटांचं काम होतं. प्रीती भगवानरावांना विचारायला गेली. ते म्हणाले, अॅडमिशन बंद व्हायला चार दिवस आहेत, तोवर एक अक्षर हलवायचं नाही. हलवलं तर तुझं नावही हलेल. ती परत आली. रुपा पायरीवर बसून होती. प्रीतीनं तिला सांगितलं की सर्व्हर बिघडलाय, चार दिवस थांब. बिचाऱ्या सर्व्हरला काय, त्याला काहीही म्हणा.

त्या चार दिवसांत भूषणनं बहिणीचं कॉलेज बंद केलं आणि मंचेरियलकडच्या एका बायको वारलेल्या माणसाशी तिची सोयरीक पक्की करून टाकली. वयात सतरा वर्षांचं अंतर होतं. रुपा दहावीला तेलुगू मीडियममध्ये शाळेत पहिली आली होती. तिची पुस्तकं भूषणनं रद्दीत घातली.

पाचव्या दिवशी दुसऱ्या एका पोरीचा बाप, नागेश नावाचा, पोलिसांत गेला. पोलिस कॉलेजवर आले. भगवानरावांनी त्यांना चहा पाजला आणि कॉम्प्युटर समोर ओढून पान थेट तळापर्यंत नेलं. "नाव कोणाचं हाय ते पाहून घ्या," ते म्हणाले. पोलिसांनी त्या पानाची प्रिंट काढून नेली. प्रीतीनं आयुष्यभर मागितलेली गोष्ट आता सरकारी फायलीतही लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कॉलेजच्या फाटकावरच अडवलं. पत्र घरी पाठवलंय, शिपाई म्हणाला, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा तिला नावानं हाक मारून म्हणाला. ती रिक्षा न करता पायी निघाली. पत्रात काय असेल ते तिला कळलं होतं. पत्र तेलुगूत असणार, बाबांना वाचता येणार नाही, एवढाच तिचा आधार होता. आपण घरी जाऊ, पत्र ताब्यात घेऊ, मग सावकाश काहीतरी सांगू.

घरासमोर सात-आठ बाया-माणसं जमली होती. खुशालराव धुतलेला सदरा घालून मधोमध उभे होते. पत्र तेलुगूत होतं, पण त्यात दोन शब्द पुन्हापुन्हा इंग्रजीत होते, आणि ते त्यांनी कॅलेंडरवरच्या अक्षरांशी एकेक करून ताडून पाहिले होते. कॉलेजच्या शिक्क्याच्या कागदावर लेकीचं नाव, आणि पुढं वेबमास्टर. त्यांनी गल्लीत सगळ्यांना बोलावलं होतं. आणि तेलुगू वाचणारी गल्लीत एकच पोरगी सध्या घरी बसलेली होती.

पत्र रुपाच्या हातात होतं.

"वाच बाई, मोठ्यानं वाच," खुशालराव म्हणत होते. "मराठीत सांग सगळ्यायले."

प्रीती पुढं झाली, पण मधे माणसं होती. रुपानं तिच्याकडे एकदा बघितलं. रुपाच्या गालाची सूज अजून उतरली नव्हती. मग तिनं वाचायला सुरुवात केली, शाळेत धडा वाचतात तशी, एकही शब्द न गाळता. वेबमास्टर या नात्यानं यांनी संस्थेला न विचारता मुलींचे फोटो व फोन नंबर जाहीर केले. मुलींची बेअब्रू झाली. संस्थेचा यात काही हात नाही. यांना कामावरून काढलं आहे आणि नाव पोलिसांकडे दिलं आहे.

बायांनी एकमेकींकडे बघितलं आणि पदर सावरत निघायला लागल्या. खुशालरावांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुसलं गेलं नव्हतं. ते कुठं ठेवावं हे त्यांना समजत नव्हतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं नाही. रुपालाच विचारलं, हळू आवाजात, "पण वेबमास्टर लिवलं हाय ना?"

"लिवलं हाय, मामा," रुपा म्हणाली. "चार डाव लिवलं हाय."